तेरा फुटांची गल्ली आणि चाळीस फुटांचा वाडा

वाडा पाडायचं ठरलं होतं. दिवस ठरला नव्हता, पण वाटणी झाली होती, तिघा भावांच्या सह्या झाल्या होत्या आणि लाकडाचा व्यापारी एकदा येऊन खांब मोजून गेला होता. त्यानंतर थोरल्या भावांचा मला फोन आला. "भाऊ, पाडाच्या अगोदर याचा एक चांगला फोटो काढून ठेवा लागते. पुरा वाडा एकाच फोटोत आला पाह्यजे."

तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ आहे. पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं. पण सवड मिळेल तशी आजूबाजूच्या गढ्या, वाडे, जुन्या विहिरी यांचे फोटो मी काढत आलो आहे, कारण एकेक करून त्या जातायत आणि मागे कागदाचा तुकडाही राहत नाही. या वाड्याचं काम मी दोनदा केलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा जमलं, ते कसं जमलं हे इथे सविस्तर लिहितोय. वाइड अँगल लेन्स, म्हणजे एका फोटोत जास्त रुंद दृश्य मावणारी लेन्स, आता पुष्कळांकडे आहे, फोनमध्येसुद्धा ०.५ चं बटण आहे, आणि जुन्या घराचा फोटो काढताना माझी जी चूक झाली तीच मला सगळीकडे दिसते.

वाडा आणि समोरची जागा

गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीत खारं पाणी असलेल्या भागातलं. मधोमध गढी. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्यांसारखीच हीसुद्धा पांढऱ्या मातीची. बुरुज कुठे होते हे आता सांगावं लागतं, कारण पावसाने ती धुपली आणि घरं बांधायला, लिंपायला गावाने तिची माती नेली. गढीच्या पायथ्याशी उत्तरेकडे तोंड करून हा वाडा. दर्शनी भाग ४० फूट लांब, २२ फूट उंच. खाली कंबरेएवढे घडीव काळ्या दगडाचे थर, त्यावर भाजक्या विटांची भिंत, मधोमध मोठा दरवाजा आणि दरवाजाच्या वर २ फूट पुढे आलेला लाकडी सज्जा, ६ फूट रुंदीचा. आत शिरलं की ढेलज (दरवाजामागची देवडी), मग चौक, चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी, ओसरीमागे माजघर, देवघर, बळद (धान्य साठवायची जागा). माडी अर्धीच उरलेली. या भागात असतो तसा भिंतींना खालून लोणा (भिंत पोखरणारा क्षार) लागलेला. दगडाच्या लगेच वरच्या विटांना बोट लावलं तर भुगा हातात येतो.

आणि समोरची गल्ली १३ फूट. त्यापलीकडे दुसऱ्याचं घर.

सगळी अडचण या १३ फुटांत आहे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराभोवती मोकळं आवार आहे, तिथे मागे सरकत जाऊन साध्या ५० मिमी लेन्सने (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य मावतं) अख्खी बाजू घेता येते. त्यातून ते संरक्षित स्मारक. कायद्याने त्याच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. गावातल्या वाड्याला असलं काही नाही. समोरच्याने भिंत पुढे घेतली की वाडा पाहायची जागाच जाते.

जागेचा हिशेब मी पहिल्या फेरीच्या आधी करायला हवा होता, तो नंतर केला. अगदी सोपा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो भाग, ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. भिंतीपासूनचं अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचे मिमी, की फोटोत भिंतीची किती लांबी मावेल ते कळतं. उंचीसाठी ३६ च्या जागी २४ घ्यायचे. ५० मिमीने ४० फूट मावायला जवळजवळ ५६ फूट मागे जावं लागतं. माझ्याजवळ फार तर १२ फूट होते. माझी सगळ्यात रुंद लेन्स १६ मिमीची, तीसुद्धा १२ फुटांवरून २७ फुटांवर संपते. समोर उभं राहून ४० फूट घ्यायला ११ मिमीच्या आतली लेन्स लागली असती. म्हणजे थोरल्या भावांची मागणी त्या गल्लीत, त्या लेन्सने, एका झटक्यात पुरी होण्यासारखी नव्हतीच.

पहिली फेरी

दिवाळीनंतर गेलो. १६ ते ३५ मिमीची झूम लावली, १६ वर नेली आणि गल्लीच्या कोपऱ्यात जाऊन तिरपा उभा राहिलो, कारण तिरपं उभं राहिलं की सगळा वाडा मावत होता. वरचं टोक कापलं जात होतं म्हणून कॅमेरा वर उचलला. मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसला. आभाळ निळं, वाडा भव्य.

घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिला तेव्हा जवळचा कोपरा डोंगरासारखा, दूरचा कोपरा काडेपेटीएवढा, भिंतीच्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या आणि दरवाजा मागे कलंडलेला. चौकाचाही फोटो कोपऱ्यातूनच घेतला होता. त्यात समोरची ओसरी पार दूर गेली होती. कोपऱ्यातला मातीचा रांजण आडवा ताणून लंबगोल झाला होता. आणि रांजणाशेजारी खाटेवर बसलेल्या आजींचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता. आजींनी फोन हातात घेऊन तो बघितला आणि म्हणाल्या, "माह्या तोंडाले काय झालं रे बाप्पा?" मला उत्तर देता आलं नाही.

याहून अवघड गोष्ट दोन दिवसांनी झाली. मधले भाऊ नागपूरला असतात, बऱ्याच वर्षांत गावाकडे आलेले नाहीत. चौकाचा फोटो त्यांना गेला, आणि त्यांचा थोरल्यांना फोन आला, "दादा, आपला चौक एवढा मोठा आहे, मंग वाटणीत जागा एवढीशी कशी काय धरली?" विचारलं साधेपणानेच होतं. पण वाटणी नुकतीच झालेल्या घरात असा प्रश्न पडणं बरं नाही. शेवटी थोरल्यांनी व्हिडिओ कॉल लावला, पुतण्याने टेप धरला आणि चौक मोजून दाखवला: २० फूट बाय १८ फूट. कागदावर होता तेवढाच. फोटोत तो सहज ४० फुटांचा वाटत होता.

ती चूक माझी होती आणि ती तशी सोडणं मला शक्य नव्हतं. मी थोरल्यांना म्हटलं, मला आणखी एकदा येऊ द्या, पैसे नकोत.

नक्की काय चुकलं होतं

यात तीन निरनिराळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात आणि सगळ्यांना मिळून लोक "लेन्सने वाकडं केलं" म्हणतात. ते वेगळे केल्याशिवाय त्यावर इलाज सापडत नाही.

उभ्या रेषा झुकतात तो लेन्सचा दोष नाही. कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीशी समांतर राहत नाही. भिंतीचं वरचं टोक सेन्सरपासून लांब पडतं आणि लहान उमटतं. कॅमेरा समपातळीत ठेवला तर १६ मिमीमध्येही उभ्या रेषा उभ्याच राहतात. सरळ कड फुगून वाकते, म्हणजे तुळई धनुष्यासारखी दिसते, तो मात्र लेन्सचा दोष. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढली तर संगणकात त्या लेन्सचं प्रोफाइल लावून तो एका टिचकीत जातो, म्हणून त्यावर मी जास्त लिहीत नाही. तिसरा दोष कडेच्या ताणाचा. ९०-९५ अंशांचं दृश्य सपाट कागदावर सरळ रेषा सरळ ठेवून मांडायचं म्हटलं की मधल्यापेक्षा कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच. १६ मिमीच्या डाव्या-उजव्या कडेला हा ताण जवळजवळ दीडपट असतो. लाखाची लेन्स घेतली तरी तो जात नाही. रांजण आणि आजी दोघंही नेमके त्या कडेला होते.

राहिला चौक मोठा दिसण्याचा प्रश्न. त्याचं कारण मी जिथे उभा होतो त्या जागेत आहे. जवळची वस्तू किती मोठी आणि दूरची किती लहान दिसेल हे फक्त तुम्ही उभे कुठे आहात यावर ठरतं. पटत नसेल तर ट्रायपॉड न हलवता एक फोटो १६ मिमीवर आणि एक ३५ वर काढा, पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याशेजारी ठेवा. दोन्ही सारखेच निघतील. वाइड अँगल लेन्स फक्त एवढं करते की तुम्हाला फार जवळ उभं राहू देते. मी खांबाला नाक लावून उभा होतो, म्हणून जवळचा खांब प्रचंड आला आणि समोरचा पार लांब गेला.

पहिल्या फोटोंतल्या रेषा मी संगणकात सरळ करून पाहिल्या. झाल्याही, पण वरचा भाग ताणून ताणून मऊ पडला, विटांचे सांधे पुसट झाले आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांतला दगड कापावा लागला. इमारतीसाठी शिफ्ट लेन्स असतात, त्यात कॅमेरा समपातळीत राहतो आणि लेन्स तेवढी वर सरकते. कॅननने २४ मिमीची तशी लेन्स १९९१ मध्ये आणि १७ मिमीची २००९ मध्ये काढली. या कामासाठी त्याहून चांगलं काही नाही. पण ती किंमत लग्नाच्या फोटोंतून निघत नाही. मग विचार केला की लेन्स वर नेता येत नाही तर कॅमेराच वर नेऊ.

ट्रॉली

२२ फूट उंचीच्या भिंतीसमोर कॅमेरा ११ फुटांवर असेल तर तो वर-खाली झुकवायची गरजच राहत नाही. लेन्स १८ मिमीवर ठेवली की हिशेब तोंडी होतो: कॅमेरा उभा धरला तर अंतराच्या दुप्पट उंची मावते. १२ फुटांवरून २४ फूट. म्हणजे जमिनीच्या खाली १ फूट आणि भिंतीच्या वर १ फूट. रुंदी मावते १६ फूट. तेव्हा दर्शनी भाग तुकड्यांत घ्यायचा आणि नंतर जोडायचा.

प्रश्न एवढाच की ११ फुटांवर उभं कुठे राहायचं. समोरच्या घराचा स्लॅब कामाचा नव्हता, तो जास्त उंच आणि मध्येच तुटक. शिडीवर ट्रायपॉड राहत नाही. थोरल्यांचा पुतण्या म्हणाला, "ट्रॉली लावू का जी?" कापूस भरायची ट्रॉली. तिचा तळ जमिनीपासून ४ फूट, त्यावर माझा ट्रायपॉड पूर्ण उघडला की कॅमेरा ७ फुटांवर. बरोबर ११.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. त्या दिवसांत आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला आणि ४६ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दिवसभर ऊन येत नाही. लग्नाच्या फोटोग्राफरला हे रडगाणं वाटेल. विटांचा फोटो काढणाऱ्याला मात्र सावलीचा तो सारखा उजेड हवाच असतो. काळ्या सावल्यांचे पट्टे पडत नाहीत आणि पाच फोटो घेईपर्यंत उजेड बदलत नाही. उन्हाच्या तिरपेत विटांचा पोत उठून दिसला असता हे खरं, त्यासाठी दोन-तीन जवळचे फोटो मी टॉर्च कडेने धरून वेगळे घेतले. लोणा त्यात स्पष्ट दिसतो.

सकाळी आधी फक्कीने गल्लीत भिंतीशी समांतर रेघ मारली, दोन्ही टोकांना टेपने मोजून. त्या रेघेवर कॅमेरा हवा. मग भिंतीच्या पश्चिम टोकापासून ४, १२, २०, २८ आणि ३६ फुटांवर खुणा केल्या. प्रत्येक फोटोत १६ फूट मावतात आणि दर वेळी ८ फूट पुढे जायचं, म्हणजे दोन्ही टोकांचे चार-चार फूट सोडले तर भिंतीचा प्रत्येक भाग किमान दोन फोटोंत येतो. ट्रॅक्टर एकदम हळू, खुणेवर आला की बंद, ट्रॉली हलायची थांबेपर्यंत वाट, मग कॅमेऱ्यातली लेव्हल आडवी-उभी दोन्ही बघायची आणि केबलने शटर. वाड्याच्या बाजूची ट्रॉलीची फळी पाडून ठेवली, नाहीतर ती फोटोच्या तळाला येत होती. एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), फोकस एकदा भिंतीवर लावून टेपने चिकटवून टाकलेला, झूमची रिंगही चिकटवलेली, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाचं प्रमाण आणि रंगाची छटा) हाताने ठरवून पाचही फोटोंना सारखे.

झूम चिकटवणं हा माझा शोध नाही. जुन्या इमारतींचं फोटोंवरून मोजमाप करायचं असेल तर काय पाळावं याचे ३ गुणिले ३ असे नऊ नियम वाल्डहॉइझल आणि ओगल्बी या दोघांनी १९९४ मध्ये मांडले. त्यात हे आहे की कॅमेऱ्याची आतली भूमिती बदलू नका, झूम हलवू नका. फोटोत येणाऱ्या वस्तूंची काही मापं टेपने घेऊन ठेवा. चारी बाजूंनी फिरून घ्या. कुठून कुठला फोटो घेतला त्याचा नकाशा काढा. तो नकाशा मी वहीच्या पानावर काढला, प्रत्येक फोटोचा क्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तोंडाचा बाण. याशिवाय एका ५ फुटी काठीला गेरू आणि चुन्याचे फुटाफुटाचे पट्टे ओढले आणि ती दर फोटोत भिंतीला टेकवून उभी केली.

या सगळ्याचं मूळ फार जुनं आहे. जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुविशारद १८५८ मध्ये वेट्झलरच्या कॅथेड्रलची मापं घेत होता. वरून पडता पडता वाचला, आणि त्याच्या मनात आलं की भिंतीवर चढून मोजण्यापेक्षा फोटोवरून का मोजू नये. पुढे १८८५ मध्ये प्रशियात याच कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली, ती त्याच्याच हाताखाली. आमच्या वाड्याच्या माडीवर थोरले मला जाऊ देत नव्हते. "जिना पोकळ झाला भाऊ, जाऊ नोका." मी त्यांना वेट्झलरची हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि जिन्याला खाट आडवी लावून टाकली.

गल्लीतल्या दुचाक्या काढल्या, शेळ्या मागे बांधल्या. दरवाजावरून गेलेली विजेची वायर तशीच ठेवली. संगणकात ती पुसणं पाच मिनिटांचं काम होतं, पण ही नोंद आहे. वायर होती, म्हणून ती फोटोत आहे.

जोडणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत घेतलेले फोटो जोडणं वेगळं आणि असे सरकत सरकत घेतलेले जोडणं वेगळं. सरकत घेतलेले फक्त एका पातळीवर जुळतात. भिंतीच्या विटा बिनचूक जुळल्या. पण सज्जा आणि दरवाजापुढच्या पायऱ्या भिंतीच्या पुढे आहेत, त्या दोन शेजारच्या फोटोंत दोन वेगळ्या जागी येतात, आणि प्रोग्रामने आपल्या मनाने शिवण घातली की सज्जाला तीन टोकं फुटतात. म्हणून शिवण मी हाताने घातली: सज्जा, दरवाजा आणि पायऱ्या पूर्णपणे मधल्या फोटोतून घेतल्या, जोड दोन्हीकडच्या कोऱ्या विटांवर ठेवले.

चौक

चौकात गेलो तेव्हा आधी वहीत हिशेब मांडला, आणि लक्षात आलं की तिथे वाइड अँगलची गरजच नव्हती. आपल्या बाजूच्या खांबांच्या ओळीमागे ४ फूट, ओसरीत, दोन खांबांच्या मधोमध उभं राहिलं की समोरची ओळ २४ फुटांवर येते. ३५ मिमीने तिथे जवळपास २५ फूट रुंदी मावते. समोरची बाजू १८ फूट आहे. दुसऱ्या दिशेनेही तेच: २२ फुटांवरून साडेबावीस फूट मावते, बाजू २० फूट. म्हणजे चार बाजूंचे चार फोटो, प्रत्येक सरळ समोरून, ओसरीच्या सावलीतून. पहिल्या वेळी मी १६ मिमीवर नेली ती फक्त नेता येत होती म्हणून.

या चार फोटोंत चौक २० बाय १८ चाच दिसतो. सागवानी खांब, खालचे तळखडे (खांबाखालचे दगड), वरचे हस्त (तुळई पेलणारे लाकडी टेकू), सगळं एकमेकांशी बरोबर प्रमाणात. पट्ट्यांची काठी तिसऱ्या खांबाला टेकवलेली आहे. नागपूरला हे गेले आणि या वेळी मधल्या भावांनी उलट विचारलं, "हा तिसरा खांब आबाजींच्या बैठकीचा ना?"

आजींना मी चौथ्या फोटोत ओसरीच्या मध्यावर बसवलं, कडेला नाही. रांजणही मध्ये आणला असता, पण तो त्याच कोपऱ्यात वर्षानुवर्षं होता. त्याचा वेगळा फोटो घेतला.

माजघरात मात्र १६ मिमीला पर्याय नव्हता. खोली १० बाय १२, उंची साडेआठ फूट, एक दार, खिडकी नाही. दारात उभं राहून मागे सरकायला काही उरत नाही. कॅमेरा सव्वाचार फुटांवर, म्हणजे खोलीच्या निम्म्या उंचीवर, समपातळीत. असं केलं की जमीन आणि वरचा कडीपाट सारखे येतात, कुठलीच बाजू अंगावर येत नाही. एफ ८ ला १६ मिमीची लेन्स साडेतीन फुटांवर फोकस केली तर दोन फुटांच्या अलीकडपासून पार भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट येतं, अंधारात चाचपडत फोकस शोधावा लागत नाही. बल्ब बंद केला, कारण त्याचा निळसर उजेड दारातल्या उजेडाशी जुळत नव्हता. एक फोटो ८ सेकंदांचा, मधले दोन त्याहून कमी, आणि बळदाच्या दाराशी येणारी उजेडाची तिरीप जळू नये म्हणून एक १/८ सेकंदाचा. कडेला काहीही गोल ठेवू दिलं नाही. हंडे, घागरी बाहेर. ८ सेकंदांच्या फोटोत तुळईला अडकवलेली लोखंडी कडी दिसते. उघड्या डोळ्याने मला ती त्या अंधारात दिसली नव्हती. आजींनी फोटो पाहताच सांगितलं, पाळण्याची आहे. तिघंही त्याच पाळण्यात वाढले.

छापलेला फोटो

दर्शनी भागाचा जोडलेला फोटो तयार झाला तेव्हा त्याचे पिक्सेल मोजले. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, उभा धरला की उंचीला ६००० पिक्सेल, आणि त्यात २४ फूट. एका फुटाला २५० पिक्सेल. छपाईला इंचाला २५० पिक्सेल उत्तम. मग मनात आलं की ४० फुटांचा वाडा ४० इंचांवरच छापावा. एक इंच म्हणजे एक फूट. पट्टी ठेवली की माप.

तीन प्रती केल्या, तिघा भावांना एकेक. थोरल्यांनी आपली प्रत ढेलजेतच भिंतीला टेकवून ठेवली. "पुरा वाडा एका फोटोत" ही त्यांची मागणी अशी पुरी झाली. एका फोटोत नाही, पाच फोटोंत. पण त्यांना दिसतो तो एकच वाडा, आणि तो समोरून, उभा, जसा गल्लीतून कुणालाच एका नजरेत कधी दिसला नव्हता.

वाडा उन्हाळ्यात उतरवला. धाकट्या भावाने दरवाजा आणि सज्जा आपल्या वाट्याला मागून घेतले, नव्या घराला बसवायला. सुतारांनी लाकूड सोडवायच्या आधी धाकट्यांच्या प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिले आणि तेच क्रमांक खडूने लाकडावर घातले. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. दरवाजाची चौकट पट्टीने मोजली, टेपने मोजली, जुळली. मग सुतारबाबा सज्जाशी थांबले. पुन्हा पट्टी लावली.

"भाऊ, फोटोत हा सव्वासात भरून रायला. टेपावर सहाच आहे."

ते बरोबर होते. सज्जा भिंतीच्या २ फूट पुढे. भिंत कॅमेऱ्यापासून १२ फुटांवर, सज्जाची कड १० फुटांवर, म्हणून तो १२ भागिले १० पट, ६ चा ७.२ इंच उमटला. एक इंचाला एक फूट हे माप फक्त भिंतीच्या पातळीपुरतं खरं आहे, आणि हे मी छापताना कुठेच लिहिलं नव्हतं. सुतारबाबांनी टेप मारून पाहिला नसता तर धाकट्यांच्या नव्या घरात सव्वासात फुटांची जागा सोडली गेली असती.

त्याच दिवशी त्या प्रतीच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलं, आणि थोरल्यांच्या घरी व नागपूरला जाऊन उरलेल्या दोन्हींवर तेच लिहून आलो: "१ इंच = १ फूट, फक्त भिंतीच्या पातळीवर. सज्जा २ फूट पुढे आहे. खरी रुंदी ६ फूट. पायऱ्याही पुढे आहेत, त्यांची मापं वहीतून घ्यावी." आणि वहीच्या त्या पानांची झेरॉक्स प्रत्येक फ्रेमच्या मागे चिकटवली.